बगाड कुणाच्या जिवावर फिरतं?



पौष पौर्णिमा जवळ आली. आपल्या मुळशीतल्या वाड्यावस्त्यांवरून मांढरदेवला जाणाऱ्या गाड्या ठरायला लागल्यात. परवा एका गटाच्या मासिक बैठकीला गेले, तर बचत गोळा करायची बाजूला राहिली आणि टेम्पोच्या भाड्यावरच बोलणं चाललं होतं. तेवढ्यात गटातली एक नवी सून, बी.कॉम. झालेली, हिंजवडीला कंपनीत जाणारी, सहज बोलून गेली, "ही सगळी जीवघेणी प्रकरणं सरकारनं एकदाची बंद करायला हवीत. बगाड काय, बैलगाडे काय, हंडी काय."

झालं! एक आजीबाई ताडकन म्हणाल्या, "तुझ्या कंपनीच्या रस्त्यावर दर महिन्याला कोण ना कोण मरतंय, तो रस्ता बंद करतेस का गं?"

बैठक तिथंच फिसकटली. बचतीचे पैसे दोनदा मोजावे लागले, तरी पन्नास रुपये कमीच आले. मी दोघींनाही म्हटलं, भांडू नका, या विषयावर मी रेडिओवर बोलते. त्या दोघी आत्ता ऐकत असतील. दोघींचंही थोडं बरोबर आहे आणि थोडं चुकलंय असं मला वाटतं. पण आधी जरा मागं जाऊ या, कारण आपण ज्याला "पूर्वापार चालत आलेलं" म्हणतो ते नेमकं कसं चालत आलंय हे आपल्याला ठाऊक नसतं.

सुरुवात मांढरदेवपासूनच करते. २५ जानेवारी २००५, मंगळवार, शाकंभरी पौर्णिमा. काळूबाईच्या गडावर लाखो माणसं. देवळाकडं जायची वाट अरुंद, दोन्ही बाजूंनी दुकानांची दाटी, फोडलेल्या नारळांच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झालेल्या. काही जण घसरले, मागून रेटा आला, माणसांवर माणसं पडली. मग दुकानांना आग लागली, गॅसच्या टाक्या फुटल्या. जवळजवळ तीनशे माणसं गेली. त्यात बायका आणि लेकरं फार. पुढं सरकारनं न्यायमूर्ती कोचर यांचा चौकशी आयोग नेमला. देवळाजवळ नारळ फोडण्यावर, पशुहत्येवर बंधनं आली, वाटेतली दुकानं हलवली गेली. आज तुम्ही गडावर जाता तेव्हा पोलीस रांग लावायला सांगतात आणि आपण कुरकुरतो, ती रांग त्या दिवसामुळं आहे.

यात मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या दिवशी माणसं मेली ती काळूबाईच्या कुठल्या विधीमुळं नव्हे. ओटी भरून, नैवेद्य दाखवून कुणी मरत नाही. धोका वाटेत होता, गर्दीत होता, व्यवस्था नव्हती त्यात होता. असा धोका कुंभात असतो, मुंबईच्या लोकलमध्ये असतो. तो काढता येतो आणि यात्रा तशीच राहते. पण काही विधी असे असतात की धोका हाच त्यांचा गाभा असतो. जीव पणाला लावला नाही तर तो विधी उरतच नाही असं लोकांना वाटतं. आपला खरा वाद या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे, आणि बैठकीत दोन्ही प्रकार एकाच गाठोड्यात बांधले गेले.

या दुसऱ्या प्रकाराचं उदाहरण बघायला लांब जायला नको. आपल्याच तालुक्यातलं हिंजवडी. आज हिंजवडी म्हटलं की राजीव गांधी इन्फोटेक पार्क, काचेच्या इमारती आणि दोन-दोन तास अडकणाऱ्या गाड्या डोळ्यांसमोर येतात. पण चैत्र पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या दिवशी, त्याच हिंजवडीतून म्हातोबाचं बगाड निघतं आणि वाकडला जातं. कंपन्यांच्या बसगाड्या थांबतात, मोबाइलवर चित्रण घेणारी पोरं कठड्यांवर चढतात, आणि "म्हातोबाच्या नावानं चांगभलं" असा गजर होतो. बगाडावर असतो तो गळकरी. त्याच्या पाठीत लोखंडी गळ टोचतात. हा मान ठरलेल्या घराण्याकडं पिढ्यान् पिढ्या आहे. गळ टोचताना रक्त येत नाही, हळद लावली की जखम भरते, असं गावकरी श्रद्धेनं सांगतात.

दुसरं मोठं बगाड वाई तालुक्यातल्या बावधनचं. (आपलं चांदणी चौकाजवळचं बावधन वेगळं. नावामुळं घोटाळा होतो म्हणून सांगितलं.) रंगपंचमीला भैरवनाथाच्या नावानं ते निघतं. कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून गावापर्यंत बैलांच्या जोड्या ते अवजड बगाड ओढत नेतात. होळीच्या रात्री देवाला कौल लावून बगाड्या ठरतो. तिथं मात्र पाठीत गळ नाही. बगाड्याला कापडानं लाकडाला बांधतात आणि उंच शिडावर चढवतात. २०२१ साली करोनामुळं यात्रांवर बंदी होती, तरी बावधनकरांनी बगाड काढलंच. मग गुन्हे दाखल झाले, माणसांना अटक झाली. एवढी ओढ असते. ती ओढ खोटी आहे असं मी म्हणणार नाही, कारण लहानपणी मी ती स्वतः अनुभवलीय. पण ते नंतर.

आता जरा जुना इतिहास. गळ टोचून झुलायची चाल फक्त आपल्याकडची नव्हती. बंगालात चैत्राच्या शेवटी चडक व्हायचा, तमिळ आणि तेलुगू मुलखातही ही चाल होती. पाचशे वर्षांपूर्वी, सन १५१६ च्या सुमारास, दुआर्ते बार्बोसा नावाच्या एका पोर्तुगिजानं विजयनगरच्या राज्याबद्दल लिहून ठेवलंय. त्यानं जे लिहिलंय ते वाचून मी थक्क झाले. त्याच्या वर्णनात गळाला लटकणारी बाई आहे! एखाद्या मुलीचं एखाद्या तरुणावर मन बसलं, तर ती देवाला नवस बोलायची की हाच नवरा मिळाला तर मी गळ घेईन. लग्न ठरलं की वाजतगाजत तिला नेत. कमरेपाशी गळ टोचून उंच लाकडाला टांगत. रक्त पायांवरून ओघळत असताना ती गात असायची आणि खाली उभ्या असलेल्या नवऱ्याला लिंबं फेकून मारायची.

विचार करा बायांनो. आज आपल्याला सांगतात की बगाडाला बाईचा हात लागायचा नाही, असंच पहिल्यापासून आहे. पहिल्यापासून म्हणजे कधीपासून? पाचशे वर्षांपूर्वी, विजयनगरात का होईना, बाई स्वतःच्या नवसासाठी, स्वतःच्या पसंतीच्या नवऱ्यासाठी त्या लाकडावर होती. ते चांगलं होतं असं माझं म्हणणं नाही. ज्या मुलीला मनाजोगता नवरा मिळवायला पाठ फाडून घ्यावी लागते तिचं कसलं कौतुक? पण चाल बदलते, एवढं यातून नक्की कळतं. कुणी लटकायचं ते बदललं. गळाच्या जागी कित्येक गावांत कापड आलं, तेही बदललं. देव कोपला नाही.

गळाच्या जागी कापड का आलं? त्यात इंग्रजांचाही हात होता. पण त्यांचं धोरण सरळ नव्हतं. १८२९ साली सती जायच्या चालीवर बंदी आली. राजा राममोहन रॉय यांच्यासारखी आपली माणसं आधीपासून त्यासाठी झगडत होती. मग १८५७ चा उठाव झाला आणि इंग्रज घाबरले. १८५८ च्या जाहीरनाम्यात राणी व्हिक्टोरियानं वचन दिलं की प्रजेच्या धर्मात आम्ही ढवळाढवळ करणार नाही. म्हणून गळाच्या बाबतीत त्यांनी बरीच वर्षं चालढकल केली. अधिकाऱ्यांनी एकमेकांना पत्रं लिहायची, जमीनदारांना समज द्यायची, असंच चाललं. शेवटी १८६५ साली बंगालात हा प्रकार बंद करायचा हुकूम निघाला. आपल्याकडंही त्याच काळात अधिकाऱ्यांचा दाब वाढला आणि गावांनी आपापली तोड काढली. कुठं गळ गेला आणि कापड आलं, कुठं माणसाऐवजी नुसतं लाकूड फिरवायला लागले, कुठं सगळंच थांबलं. आणि कुठं, हिंजवडीसारखं, गळ राहिला.

म्हणजे साहेबाच्या हुकुमाला घाबरून म्हणा की स्वतःच्या शहाणपणानं म्हणा, वाट गावांनीच काढली. मला हे फार बोलकं वाटतं. "बंद करा" आणि "हात लावू नका" या दोन टोकांच्या मध्ये आपल्या आज्यापणज्यांनी तिसरं काहीतरी केलं होतं.

तरी काही चाली अशा होत्या की त्यांच्यात तिसरं काही निघणं शक्यच नव्हतं. त्या बंदच करायला हव्या होत्या. सतीला कापड बांधून काय उपयोग? तसंच मुरळीचं. खंडोबाला नवस बोलून लहान मुलगी देवाला सोडायची, भंडारा लावून देवाशी तिचं लग्न लावायचं, आणि मोठी झाली की तिच्या वाट्याला काय यायचं हे तुम्हाला ठाऊक आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी या चालीविरुद्ध काम केलं. तेव्हाही लोक हेच म्हणायचे, पूर्वापार आहे, नवस आहे, देव कोपेल. पण नवस आईबापांचा आणि फेड पोरीची. तिला कुणी विचारलंच नव्हतं. माझी पहिली कसोटी हीच आहे. ज्याचा जीव किंवा ज्याचं आयुष्य जायचंय, त्याला विचारलंय का? विचारलं नसेल तर ती चाल कितीही जुनी असो, मला तिची बाजू घ्यायची नाही.

याच कसोटीवर दहीहंडी बघा. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की अठरा वर्षांखालच्या पोरांना थरावर चढवू नका आणि उंची वीस फुटांच्या वर नको. गोविंदा पथकं खवळली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पुढं २०१७ साली वयाची अट चौदावर आली आणि उंचीचं सरकारनं बघावं असं ठरलं. वरच्या थरावर पोरगं लागतं ते वजनाला हलकं म्हणून. चौदा वर्षांचं पोरगं "चढतो" म्हणतं, ते त्याचं म्हणणं की त्याच्या मंडळाच्या दादाचं? आपल्या पौड-पिरंगुट भागातली पोरं बक्षिसाच्या मागं पुण्याला जातात. एकदा त्यांच्या आयांना विचारून बघा, त्या रात्री त्यांना झोप लागते का.

बैलगाड्याचं म्हणाल, तर आपल्या भागात हा फार नाजूक विषय आहे. माझ्या घरी जेवणाच्या ताटावर यावरून भांडण झालंय. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी आणली. २०१७ साली महाराष्ट्रानं आपला कायदा केला. मग पुन्हा कोर्टकचेरी झाली, १६ डिसेंबर २०२१ ला अटी घालून परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ती कायम केली. शेतकऱ्याचं म्हणणं असं की शर्यत गेली तर खिलार बैल जाईल, ट्रॅक्टर आल्यावर त्याला दावणीला कोण ठेवणार? यात तथ्य आहे. पण बैलाला विचारलं नाही हेही खरं आहे. म्हणून अटी आहेत: चाबूक नको, टोचणी नको, डॉक्टरचा दाखला हवा. अटी कागदावर आहेत. घाटावर काय चालतं ते तुम्ही बघताच. माझा नवरा हे ऐकतोय, म्हणून एवढ्यावर थांबते.

आता महाराष्ट्राच्या हद्दीबाहेरची, पण मराठी माणसांचीच गोष्ट सांगते. मध्य प्रदेशात, विदर्भाला लागून, पांढुर्णा नावाचं गाव आहे. घराघरात मराठी बोलतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथं गोटमार होते. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्ण्याची माणसं, दुसऱ्या काठावर सावरगावची, मध्ये पाण्यात पळसाचं झाड रोवलेलं आणि त्यावर झेंडा. झेंडा मिळवायला दोन्हीकडून दगडांचा मारा. दरवर्षी शेकडो माणसं जखमी होतात, डोकी फुटतात, डोळे जातात. कित्येकांचा जीवही गेलाय. प्रशासनानं एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू दिले. लोकांनी ते बाजूला टाकले आणि पुन्हा दगड उचलले. संचारबंदीचे हुकूम निघतात, पोलीस उभे राहतात, डॉक्टरांची पथकं असतात, आणि दगड चालूच राहतात.

हे का होतं म्हणून विचाराल तर तिथं एक कथा सांगतात. पांढुर्ण्याचा एक मुलगा आणि सावरगावची एक मुलगी यांचं प्रेम जमलं. दोघं पळून निघाली आणि नदीच्या मधोमध सापडली. दोन्ही काठांवरून दगड आले, दोघंही तिथंच मेली. त्यांच्या आठवणीसाठी म्हणून गोटमार. मी ही कथा पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्या डोक्यात एकच आलं. दोन लेकरं दगडांनी मेली, तर त्यांची आठवण म्हणून नदीत दिवे सोडायचे की पुन्हा दगड मारायचे? या एका बाबतीत मी त्या सुनेच्या बाजूची आहे. रबरी चेंडूसुद्धा जिथं चालत नाही, तिथं आता आणखी काय करायचं राहिलं?

जगात सगळीकडं हा वाद आहे. स्पेनमध्ये बैलांच्या पुढं गल्लीतून पळायचा सण आहे. आफ्रिकेत नायजेरिया देशात योरुबा लोक राहतात. त्यांच्या काही सणांत पोरं एकमेकांना चाबकानं फोडून काढतात. त्यांच्यातच ओरो नावाचा एक उत्सव आहे, तेव्हा बायकांनी घराबाहेर पडायचं नाही, काही बघायचंही नाही. बाहेर दिसली तर अनर्थ होईल अशी धास्ती. तिथल्याही बायका आता विचारतात की गावाचा सण आहे तर आम्ही गावात नाही का? हे वाचलं तेव्हा नायजेरिया मला ताम्हिणी घाटाच्या पलीकडंच असल्यासारखा वाटला.

आता माझ्या मामीची गोष्ट. तिची परवानगी घेतलीय.

माझं आजोळ वाई तालुक्यात. गावाचं नाव सांगत नाही, बगाड असलेली गावं तिकडं बरीच आहेत. मी सातवीत होते. त्या वर्षी कौल मामाला लागला. घरात दिवाळीसारखा आनंद झाला. मामा उपास धरून देवळात राहिला. मामी रोज अंघोळ करून, ओल्या पदरानं त्याचं फराळाचं नेऊन ठेवायची, त्याच्याशी बोलायची नाही. पाहुण्यारावळ्यांचं जेवण, पुरणपोळ्या, सगळं तिच्याच अंगावर. बगाडाच्या दिवशी मी आजीच्या मागं उभी राहून मामाला वर आभाळात बघितलं, तेव्हा अंगावर काटा आला होता. तो माझा मामा वाटतच नव्हता. ती ओढ ही. आज पुस्तकं वाचूनही मी तिला हसू शकत नाही.

गावाच्या वेशीजवळ बगाड कललं. दोर सैल झाला म्हणतात, कुणी म्हणतं बैल बुजले. मामा खाली आला तो कंबरेवर. कंबरेचं हाड मोडलं. पहिल्या महिन्यात गावानं वर्गणी काढली, दवाखान्यात भेटायला रीघ लागली. दुसऱ्या महिन्यात रीघ आटली. मामा दीड वर्ष अंथरुणाला होता आणि त्यानंतर आजपर्यंत काठीशिवाय चालला नाही. अर्धा एकर गहाण पडलं. मामीनं दुसऱ्याच्या रानात हळद काढायला जाऊन पोरं शिकवली.

हे एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, अपघात होता. पण गावात कुजबुज सुरू झाली की देवाचं बगाड असं कसं पडेल? काहीतरी विटाळ झाला असणार. आणि तो कुणाकडून? मामीकडून. त्या दिवसांत ती बाहेरची होती आणि तिनं लपवलं, असं कुणीतरी उठवलं. दोर कुणी बांधला, लाकूड कुणी तपासलं, बैल कुणी धरले होते, हे कुणी कुणाला विचारलं नाही. पुढची कित्येक वर्षं तिला हळदीकुंकवाला बोलावणं नव्हतं.

त्या बैठकीनंतर मी तिला फोन केला. मला वाटलं ती म्हणेल, बंद करा मेलं ते. ती म्हणाली, "बंद कशाला करता? माझी पोरं लांब आहेत, वर्षातनं एकदा गावी येतात ती बगाडालाच. ते गेलं तर माझं घर दिवाळीलाबी रिकामंच." मग थोडं थांबून म्हणाली, "फकस्त एवढं विचारा, पडला तर पोसणार कोण? आन् पडला तर दोष कुणाचा, हे आधी लिहून घ्या."

मैत्रिणींनो, मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. पण इतक्या वर्षांत एवढा सरळ प्रश्न मला कुठल्या पुस्तकात सापडला नाही. आपण सगळे वाद घालतो तो देवाचा आणि सरकारचा, परंपरेचा आणि विज्ञानाचा. खर्च कुणाच्या पदरात पडतो ते कुणी बघत नाही. मान घराण्याचा, गर्दी गावाची, फोटो पुढाऱ्याचा. आणि दीड वर्ष बेडपॅन काढायचं ते बायकोनं.

आजीबाई, तुमच्या रस्त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला इथंच देता येईल. रस्त्यावर माणूस मरतो हे खरं. पण गाडीला विमा सक्तीचा आहे, चालवणाऱ्याला परवाना लागतो, आणि अपघात झाला तर चूक कुणाची याची चौकशी होते. बसखाली माणूस गेला म्हणून ड्रायव्हरच्या बायकोला कुणी विटाळाचा दोष देत नाही.

आणि सूनबाई, तुलाही एक सांगते. सगळं बंद करायचं म्हणताना मुळशीची आठवण ठेव. १९२१ साली सेनापती बापट आणि आपल्या मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, बायकाही त्यात उतरल्या होत्या. धरण झालंच. पन्नासावर गावांना त्याचा फटका बसला. जमिनी गेल्या हे सगळे सांगतात. पण त्याबरोबर देवळं गेली, पालखीच्या वाटा गेल्या, लेकी ज्या जत्रेला माहेरी यायच्या त्या जत्राही गेल्या. माझ्या सासऱ्यांची आजी त्यातल्या एका गावची. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती काठावर उभी राहून बोटानं दाखवायची, तिथं आमचा देव होता. जत्रा मोडली की गावातलं काय मोडतं, हे आपल्या तालुक्याइतकं कुणाला कळणार?

म्हणून मला विचाराल तर बगाड निघू दे, पण पाठीतला लोखंडी गळ जावा. बावधनला कापडानं भागतं तर इतरत्र का नाही भागणार? हे त्या त्या गावानं, त्या मानकरी घराण्यांनी आपणहून ठरवलं तर जास्त टिकेल, १८६५ च्या हुकुमासारखं वरून आलं तर कुठंतरी चोरून चालूच राहील. कायदाही आहे, हे मात्र विसरू नका. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. दैवी कृपेसाठी म्हणून जिवाला धोका होईल किंवा गंभीर इजा होईल अशी अघोरी कृत्यं करायला लावणं, त्याला चिथावणी देणं, हा त्यात गुन्हा आहे. यात्रा, वारी, कीर्तन, लहान मुलांचे कान टोचणं याला त्या कायद्यानं हात लावलेला नाही. उगाच कुणी भीती घातली की "आता देवाला जायची बंदी आली" तर ते खोटं आहे.

तोवर आपल्या हातात काय आहे ते सांगते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला वीस रुपये बँकेच्या खात्यातून जातात. अपघाती मृत्यूला किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख रुपये मिळतात. वय मात्र अठरा ते सत्तर लागतं. म्हणजे चौदा वर्षांच्या गोविंदाला ही योजनासुद्धा नाही, हे हंडीवाल्या दादाला जरूर ऐकवा. गटातल्या किती जणींच्या घरी हा विमा आहे, ते पुढच्या बैठकीत हात वर करून मोजा. मागच्या वर्षीचे पैसे खात्यात शिल्लक नव्हती म्हणून कापले गेले नसतील तर विमा बंद पडलेला असतो, पासबुक बघून घ्या.

दुसरं, २६ जानेवारीची ग्रामसभा येतेय. तिच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. आपण तिथं जातो, चहा पितो, सही करतो आणि घरी येतो. यंदा त्या गटानं ठरवलंय की महिला सभेत यात्रेचा विषय घ्यायचा. भांडण झालं त्याच गटानं. परवा पुन्हा बसलो, तेव्हा ती सून आणि त्या आजीबाई एकाच सतरंजीवर होत्या. ठराव सुनेनं लिहिला, शब्द आजीबाईंनी सांगितले. यात्रा कमिटीत दोन बायका घ्याव्यात. यात्रेच्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राची गाडी गावात उभी असावी. अठराच्या आतलं पोरगं कुठल्याही धोक्याच्या जागी चढवू नये. वर्गणीतला काही भाग जखमी माणसाच्या घरासाठी बाजूला काढून बँकेत ठेवावा, आणि तो एका महिन्यापुरता नको.

शेवटचं कलम मामीचं. काही अपघात झाला तर त्याचं कारण दोर, लाकूड, बैल आणि माणसं यांच्यात शोधावं. कुणा बाईच्या विटाळात शोधू नये.

हे वाचून झाल्यावर खोलीत कुणी बोललं नाही. आजीबाई म्हणाल्या, "हे कलम पहिलं घे." सुनेनं कागद फाडला आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं. ते पन्नास रुपयेही सापडले, सतरंजीखाली होते.